तुडुमापाशी नेलेला निरोप

मी पाण्याखाली श्वास घेतला आहे. हसू नका. समुद्रात पाठीवर टाक्या बांधून उतरणाऱ्या लोकांचा फोटो मी एका जुन्या मासिकात पाहिला, तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही ही अडचण मला फारशी मोठी वाटली नाही. तलाव होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झालो होतो, आणि वेळ तर भरपूर होता.

लाखनीला हायवेवर एक पंक्चरवाला होता. त्याच्याकडून ट्रकची टाकून दिलेली ट्यूब ठिगळं लावून घेतली आणि तिच्या तोंडाला फवारणी पंपाची लांब नळी जोडली. खिडकीची काच आणि त्याच रबराची पट्टी यांचा चष्मा केला. पंक्चरवाला हवा भरता भरता म्हणाला, "काय बे, तलावात ट्रक चालवून राहिला का?"

"तलावाच्या खाली," मी म्हणालो.

"मंग स्टेपनी बी घेऊन जा."

फुगलेली ट्यूब पाण्यावर तरंगायची. कमरेला दगडांचं गाठोडं बांधून, नळी दातांत धरून मी घाटाच्या पायऱ्यांवरून खाली उतरायचो. दात सैल सोडले की रबराच्या वासाची हवा तोंडात शिरायची. दिवाळीनंतरचे दिवस, वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट आणि त्याखाली एकदम असं गार, की मानेवर कोणी ओला पंजा ठेवावा. हिरव्या बाटलीतून पाहावं तसा उजेड. कमळांचे देठ नाटकाच्या पडद्याच्या दोऱ्यांसारखे वर गेलेले. एखादा मरळ मासा समोर थांबून मला असा न्याहाळायचा, की जणू तिकीट त्यानं काढलं होतं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेच्या दिवशी तलावाच्या बांधावर, पाळीवर, ही गर्दी! मी मुद्दाम जरा जास्त वेळ खाली थांबायचो. एखादी म्हातारी 'मेला गा मेला' म्हणून ओरडली, की मगच वर यायचो.

फक्त तुडुमाकडे मी जात नव्हतो. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायला पाळीच्या पोटातून जी दगडी मोरी काढतात तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तिच्या तोंडाला लाकडी बूच असतं आणि ते काढायला, घालायला माणसाला बुडी मारावी लागते. आमच्या गावात हे काम माझ्या काकांचं होतं. माझ्या या उद्योगाच्या दोन वर्षं आधी ते बूच बसवायला उतरले. पलीकडे बांधीत उभ्या असलेल्या लोकांना धार थांबलेली दिसली. "बंद झालं!" असं ते ओरडले. काका वर आले नाहीत.

त्यानंतर ते तुडुम कोणी उघडलं नाही. पलीकडच्या लहान तुडुमावर काम भागू लागलं. पण हिवाळ्यात पाणी स्थिर झालं, की पाळीवरच्या दगडाला कान लावल्यावर आतून आवाज यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मीही ऐकला होता. जेवढ्या वेळा ऐकला त्याच्या दुप्पट वेळा लोकांना रंगवून सांगितला होता, तो भाग वेगळा.

काकी तेव्हा पंचविशीची असेल. आसगावच्या एका बिजवराचं तिला मागणं आलं होतं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. अडलं होतं ते आज्याकडे. आजा वाईट माणूस नव्हता. रोज सकाळी पाळीवर जाऊन मुलाचा आवाज ऐकून यायचा, मगच चहा घ्यायचा. तो काकीला एवढंच म्हणाला, "सूनबाई, तो अजून दार वाजवून राहिला, अन् तू दुसरं दार पाहून राहिली? त्याचं वाजणं थांबू दे. मंग माही काही हरकत नाही."

काकी गोठ्यात मला गाठून म्हणाली, "बाबू, तू तुडुमापर्यंत जाशील का?"

"काहून?"

"तुह्या काकाले एक निरोप सांगाचा हाये." ती शेण गोळा करत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. "त्यायले आसगावचं सांग. म्हणा, राग असंल त वाजवत राहा. राजी असाल त गप राहा."

"अन् त्यायनं वाजवलं त?"

"त मी इथंच राहीन. शेण कुठं पळून चाललं?"

मी तिला हो म्हणालो, कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं: बूच सैल झालं असणार, पाण्यानं हलून दगडावर आपटत असणार. फटीत चिंध्या कोंबायच्या, आवाज बंद, काकी आसगावला. मी लंगोटात चिंध्या खोचून घेतल्या. कोणाला सांगितलं नाही.

पौषातली सकाळ होती. आजा दगडाला कान लावून बसला. काकी नऊवारी खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि वाहून जाऊ नये म्हणून ट्यूब दोन्ही हातांनी कवटाळून उभी राहिली. "घाबरू नोको," ती म्हणाली. दात तिचे वाजत होते.

खाली अंधार होता. पायाखालचा गाळ उठून चष्म्यासमोर आला आणि मला काहीच दिसेना. हातानं चाचपत गेलो. दगड, शेवाळ, दगड, आणि मग लाकडाचा गोल. मी बूच हलवून पाहिलं. हललं नाही. कडेनं बोट फिरवलं, तर नखही जाईल अशी फट नव्हती. काकांनी ते इतकं चांगलं बसवलं होतं. चिंध्या हातात घेऊन मी मूर्खासारखा थांबलो. दुसरा हात बुचावर होता.

तेव्हा त्या हाताखाली वाजलं. दाराला आतून बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. पाण्यात आवाज कानात येत नाही, हाडांत येतो.

मी नळी तोंडातून काढली आणि निरोप सांगितला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण, आणि त्याचेही नुसते बुडबुडेच झाले. नळी पुन्हा तोंडात घातली तेव्हा हवा जोरात आली. वर काकीनं ट्यूब छातीशी आणखी आवळली असणार. तिनं दाबलेली ती हवा घेत मी हात तिथंच ठेवला. थंडीनं बोटं गेली, तरी ठेवला. काही वाजलं नाही.

वर आलो तेव्हा आजा अजून कान लावून होता. उन्हं चढली, तो उठला नाही. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बंद झालं." त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आसगावला माणूस पाठवला.

मी काकीला सांगायला तोंड उघडलं, तर तिनं ओला पंजा माझ्या तोंडावर ठेवला. "नोको सांगू. तुले सजवून सांगाची सवय हाये."

पुढे, ऐंशीच्या दशकात, त्या तुडुमाला लोखंडी गेट बसवलं. जुनं बूच काढताना मी मुद्दाम हजर होतो. बूच शाबूत निघालं. त्याच्या मागे मोरी घट्ट चिकणमातीनं भरलेली होती, पहार मारावी लागली. माझ्या हाताखाली काय वाजलं असेल, ते मला आजही कळलेलं नाही. ही एक गोष्ट मी जशी घडली तशी सांगतो, आणि नेमकी हिच्यावरच कोणी विश्वास ठेवत नाही.

काकी दर मंडईला यायची. नवरा, लेकरं, नवी लुगडी, सगळं सोबत. बूच निघालं त्या वर्षी ती गर्दीतून मला बाजूला घेऊन गेली आणि नेहमीसारखं विचारलं, "गप हाये ना?"

मातीचं तिला सांगावं असं फार वाटलं. "गपच हाये, काकी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मंग तू बी गप राह्य," ती म्हणाली आणि लेकरांना शोधायला निघून गेली.