आबांची मुंबईतली चार ठिकाणं

खानावळ असो, भोजनालय असो की कोपऱ्यावरचं इराण्याचं दुकान असो, आबा पहिल्या खेपेला पुढच्या दारानं आत गेले असं कधी झालं नाही. आधी बोळातून मागे जायचं. खरकटं कुठे टाकतात, भांडी कोणत्या पाण्यात विसळतात, चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाची नखं कशी आहेत, हे सगळं डोळ्यांखालून घालायचं आणि मग समोरून येऊन बाकावर बसायचं. पटलं नाही तर बसायचंच नाही. मालकांनी हटकलं, एकदोनदा हाकललंसुद्धा. आबांना त्याचं काही वाटत नसे. मला म्हणायचे, "पुढलं दार गिऱ्हाईकले दाखाडाकरता ऱ्हास, भाऊ. रांधनारा मागं ऱ्हास."

आबा शिंदखेड्याकडच्या एका शेतकरी घरातले. धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची पारख करायचं काम त्यांच्याकडे होतं. गाडी आवारात आली की वरचा पांढराशुभ्र कापूस ते बघतही नसत. बाही वर सारायची आणि हात थेट तळाशी खुपसायचा. तिथे ओल लागायची, माती लागायची, कधी गेल्या वर्षीचा पिवळा पडलेला कापूस हाती यायचा. पंचवीस वर्षं रोज असा हात खुपसणाऱ्या माणसाचा स्वभाव दुसरा कसा होणार? "बठ्ठा सारखाच शेतस," सगळे सारखेच, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. त्यातून फक्त एक माणूस सुटलं होतं. त्यांची थोरली बहीण अक्का. आबांची बायको लवकर गेल्यावर तिनंच त्यांचं घर सांभाळलं. तिच्या हातचं ते डोळे मिटून खात.

मी त्याच जिनात कारकून होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. हंगामात कापसाचे नमुने घेऊन आबांना तीनचारदा मुंबईला जावं लागे आणि लिहिण्यावाचण्यासाठी मी बरोबर असे. धुळ्याहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलायची आणि मग मुंबई. काळबादेवीला आमच्या आडत्याची पेढी होती, तिच्या माडीवर उतरायचं. सामान टाकलं की माझा पहिला प्रश्न, "आबा, जेवायला कुठे?" आणि आबांचं उत्तर चार ठिकाणांच्या पलीकडे कधी गेलं नाही.

पहिलं धोबीतलावाजवळचं इराण्याचं दुकान. तिथे चहा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होतो, एवढ्याच कारणासाठी ते पास झालं होतं. पाव मात्र आबा आधी मधोमध फोडून, आत बघून मगच चहात बुडवत. दुसरं भुलेश्वराकडचं दूधवाल्याचं दुकान. तिथे पेला हातात आला की ते करंगळी बुडवून दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर सोडत. थेंब ओघळला की पेला परत. दुकानदार भला माणूस. आबांना लांबून येताना बघितलं की स्वतःच नखावर थेंब घेऊन उभा राहायचा. तिसरं काळबादेवीचं गुजराती भोजनालय. चौपाटीवरची भेळ त्यांनी मला कधी खाऊ दिली नाही. मी हट्ट केला तेव्हा त्यांनी भेळवाल्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "याले मागली बाजूच नही. देखू काय?"

चौथं ठिकाण म्हणजे गिरगावात ठाकुरद्वारच्या एका गल्लीतली माईंची खानावळ. माई रत्नागिरीकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी तळमजल्याच्या दोन खोल्यांत पानं मांडायला सुरुवात केली होती. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा आबा नेहमीप्रमाणे मागे गेले, तर माई मागच्या दारातच तांदूळ निवडत बसलेल्या. "काय बघायचंय ते उजेडात बघा, पाटील," गावाकडच्या माणसाला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या आणि बाजूला सरकून त्यांनी वाट दिली. आबांनी चूल पाहिली, पाण्याचा पिंप पाहिला, पिठाच्या डब्यात हात घातला. जेवताना वाटीत सोलकढी आली तेव्हा माझ्या कानाशी म्हणाले, "हाई लाल पानी काय शे?" मी घोट घेऊन दाखवला तेव्हा त्यांनी ओठ लावले. तीन वर्षांनी अशी गत झाली की गाडी कल्याणला आली की सोलकढीची आठवण काढत. हे चौथं ठिकाण त्यांनी धुळ्यात सगळ्यांना सांगितलं. धुळ्याजळगावची मुंबईला जाणारी माणसं आबांच्या शब्दावर माईंकडे जेवायला लागली. दुपारी तिथे गेलं की निम्म्या पानांवर आपलीच बोली ऐकू यायची.

एका उन्हाळ्यात आम्ही निघालो, तेव्हा अक्कानं गाडग्यात दही दिलं. प्रवास लांबला. चाळीसगावला गाडी चुकली, दुसरीसाठी दिवसभर फलाटावर बसावं लागलं. गाडीत आबांनी गाडग्याचं फडकं सोडलं तेव्हा दही फसफसून वर आलेलं. मला वासच सहन होईना. मी नको म्हणालो. आबांनी भाकरीबरोबर सगळं संपवलं. अक्कानं दिलेल्या वस्तूचा वास घ्यायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

मुंबईला उतरल्यावर आम्ही दोघंही माईंकडे जेवलो. पहाटेपासून आबांना उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. पेढीवरच्या लोकांना पटकीची शंका आली, कुणी जवळ येईना. डॉक्टर आले, औषध झालं. दोन दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होतो आणि ते आता वाचत नाहीत असं मला दोनदा वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, "त्या रात्री वाढताना माई माझ्याकडे बघत नव्हती. लक्षात आलं का तुझ्या?"

मी म्हणालो, "आबा, मीही तिथेच जेवलो."

"तुझं वय वेगळं."

दह्याचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अक्काच्या दह्याला नाव ठेवायचं, तेही मरणातून उठलेल्या माणसापुढे! शिवाय जिनातली माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. मी गप्प बसलो. पुढे धुळ्याला आल्यावर गप्प बसणं आणखी सोपं झालं.

आबांनी मात्र तोंड बंद ठेवलं नाही. जिनात, बाजारात, स्टेशनावर, ओळखीचा भेटला की सांगायचे, त्या बाईकडे जाऊ नका, मी मरता मरता वाचलो. पारख करणाऱ्या माणसाचा शब्द. पुन्हा तपासायला कोण जातो? जळगावकडच्या व्यापाऱ्यांपर्यंत ती बातमी पोचली, आणि पोचेपर्यंत त्यात सडक्या तेलाची आणि पिठातल्या अळ्यांची भर पडली होती.

त्या हंगामात आबांच्या अंगात प्रवासाची ताकद नव्हती, म्हणून मी एकटा मुंबईला गेलो. दुपारी काळबादेवीच्या भोजनालयात जेवलो आणि पाय आपोआप ठाकुरद्वारकडे वळले. माईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारी एक शिंपी बसायचा, त्याला विचारलं.

"तुमच्याच मुलखाची माणसं यायची ना?" त्यानं मशीन न थांबवता माझ्याकडे बघितलं. "एकदम बंद झाली. मग इथलेही कुजबुजायला लागले. बाईंनी जागा सोडली. आता काळबादेवीला त्या गुजराती भोजनालयात लाटायला बसतात."

तासाभरापूर्वी मी त्यांच्याच हातचे फुलके खाल्ले होते.

धुळ्याला परत आलो तो थेट आबांच्या घरी. ओट्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं, कुलपाचं, शिंप्याचं आणि शेवटी दह्याचं. दही आंबलं होतं, मला वास आला होता, म्हणूनच मी खाल्लं नाही, हेही सांगितलं. आबा माझ्याकडे बघत राहिले. गाडीच्या तळाशी हात गेल्यावर बघायचे तसं.

"तवय काबरं नही सांगं?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"आनि आते ऐकसू?" ते उठले. "अक्काच्या दह्यावर ढकलतोस. त्या बाईनं तुला काही सांगून पाठवलंय का?"

पुढे त्यांनी जे केलं ते आजही मला खरं वाटत नाही. अक्काला त्यांनी तसंच गाडगंभर दही लावायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. ते गाडगं घेऊन ते जिनात आले, पत्र्याच्या शेडमध्ये तापत्या जागी ठेवलं, आणि प्रवासाला लागले होते तेवढे दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग माझ्यासमोर फडकं सोडलं. तोच वास. मी त्यांचा हात धरला. "आबा, नका. मागच्या वेळी जीव जाता जाता राहिला."

"दुसऱ्याले खावाले सांगू काय?" त्यांनी हात सोडवून घेतला आणि चार घास खाल्ले.

ह्या खेपेला डॉक्टर धुळ्यातलाच होता आणि लगेच आला, म्हणून निभावलं. अक्का रडत होती, तिला कारण कुणी सांगितलं नाही. अंगावर पांघरूण घेऊन पडलेले आबा छताकडे बघत म्हणाले, "दहीच व्हतं. मी चुकनू."

उठून बसता येऊ लागल्यावर ते काठी टेकत बाजारात गेले. ज्याच्या ज्याच्यापुढे माईंचं नाव घेतलं होतं, त्या प्रत्येकापुढे उभे राहून म्हणाले, "त्या बाईबद्दल मी बोललो ते खोटं होतं." लोक हसले. एकानं विचारलं, "आबा, बाईनं काय खाऊ घातलं आता?" आबांनी ते ऐकून घेतलं. जळगावच्या लोकांना त्यांनी माझ्याकडून पत्रं लिहवून घेतली आणि प्रत्येक पत्र दोनदा वाचून घेतलं, मी काही सौम्य तर केलं नाही ना म्हणून.

मग आम्ही मुंबईला गेलो. भोजनालयाच्या मागच्या दारात माई पोळपाटापुढे बसल्या होत्या. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी चार पावलं मागे थांबलो.

"माई, मला घरचं दही बाधलं होतं. नाव मी तुमचं घेतलं."

लाटणं थांबलं नाही. "कधी कळलं?"

"महिना झाला. सगळ्यांना सांगून आलोय. तुम्ही पुन्हा जागा घ्या. आमची माणसं येतील."

"आणि पुन्हा कुणाचं पोट बिघडलं की?" माईंनी मान वर केली. "पाटील, तुम्ही चांगलं म्हणालात म्हणून माणसं आली. वाईट म्हणालात म्हणून गेली. त्यात माझा स्वयंपाक कुठे होता? माझा तुमच्यावर विश्वास नाही. जागा घ्यायची तेव्हा मी माझी घेईन. तुम्ही माझं नाव चांगल्यालाही घेऊ नका."

"नाही घेणार," आबा म्हणाले.

दोन वर्षांनी माईंनी गिरगावातच दुसरी जागा घेतली. आबा प्रत्येक खेपेला तिथे जात, कोपऱ्यातल्या पाटावर बसत, समोर येईल ते खात. माई जेवढ्यास तेवढं बोलत आणि आबा जेवत असताना दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत. हा माणूस बाहेर जाऊन काय सांगणार आहे, असा तो चेहरा असे. आबांनी बाहेर काहीच सांगितलं नाही. धुळ्यात कुणी विचारलं, "आबा, मुंबईत जेवायला कुठे बरं?" तर म्हणत, "मले नही माहीत." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला शिष्टपणा आला.

स्वातंत्र्य यायच्या काही महिने आधी आबा झोपेत गेले. तेराव्यानंतर मी मुंबईला गेलो आणि माईंना ते सांगितलं. त्यांनी एक पाट मांडला. मग म्हणाल्या, "जेवायला बसा," आणि स्वतः वाढायला आल्या. माझं निम्मं जेवण झालं तेव्हा समोर बसून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी गाडीत तुम्ही त्यांच्या शेजारीच होतात ना? तुम्ही नाही खाल्लंत ते दही?"

"नाही. आंबलं होतं. वास येत होता."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं."

घास माझ्या हातातच राहिला. "हो."

"मी एकदा पाटलांना विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा कारकून बरोबर होता, त्याला कसं कळलं नाही? तर म्हणाले, तो गाडीत झोपला होता. पोराला बोल लावू नका."

मी झोपलो नव्हतो. पूर्ण जागा होतो, आणि आबांना ते माहीत होतं. तसं मी माईंना सांगितलं. त्या उठून आत गेल्या. नंतरची पोळी वाढायला दुसरी बाई आली.