हवा वर, निपल खाली

पिकअपच्या पुढच्या दोन चाकांचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारे जबडे, मी उलटे बसवले. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. आज हे एका ओळीत सांगता येतं. तेव्हा कळायला तीन दिवस लागले, आणि कळलं तेही मला नाहीच.

आमची पिकअप जुनी. ब्रेक दाबला की डावीकडे ओढायला लागली होती. नागापूरच्या गॅरेजवाल्यानं तपासून सांगितलं, "उजव्या चाकाचा पिस्टन जाम हाय. दोन्हीकडची रबरं बदलू. पन गाडी शुक्रवारपर्यंत ठेवावी लागंल."

शुक्रवार मला चालणारा नव्हता. गुरुवारी वाटाण्याचा पहिला तोडा होता. पहिल्या तोड्याची शेंग भरलेली असते, हिरवीगार असते, आणि पोत्यात एक दिवस तापली की तिला कुणी विचारत नाही. तोडणीच्या बायका सांगून झाल्या होत्या. शिवाय आमच्या रानातून रस्त्याला लागायचं तर मोठा उतार, त्यामुळे ब्रेकवाचून जमणार नव्हतं. मग रबरं आणि ब्रेक ऑइलचा डबा घेऊन मी हळूहळू घरी आलो. या कामाचा एक व्हिडिओ मी मोबाईलवर पाहिला होता. पूर्ण नाही, पण अर्ध्यापेक्षा जास्त.

सोमवारी दोन्ही कॅलिपर काढले, धुतले, गोणपाटावर शेजारी शेजारी मांडले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. इतका शिस्तीचा माणूस मी. मग चहा प्यायला गेलो, आणि परत आलो तो गोणपाटाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसलो.

बसवून झाल्यावर हवा काढायची असते. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पेडल मऊ लागतं, गाडी थांबत नाही. या कामाला माणसं दोन लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून कॅलिपरचं निपल, ती हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायची, म्हणजे ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. पेडलवर बायकोला बसवलं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय."

"सोड."

"अहो, माझं दळन राह्यलंय."

संध्याकाळपर्यंत दाब-सोड चालली. पेडल पहिल्या दाबाला जे तळाला टेकायचं, ते टेकतच राहिलं.

मंगळवारी मी इरेला पेटलो. गळती असेल म्हणून चारही चाकांखाली कागद अंथरले, कोरडे निघाले. पेडलमागचा मास्टर सिलेंडर गेला असेल म्हणावं, तर लागोपाठ तीन-चारदा दाबल्यावर पेडल वर यायचं आणि पाय ठेवून बसलं तरी खाली सरकायचं नाही. म्हणजे सिलेंडर ठीक. गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "म्होरच्या चाकांचे रबरी पाइप फडकं गुंडाळून चिमट्यानं दाबून बघा. पेडल कडक झालं तर दोष म्होरंच."

पेडल कडक झालं. दोष पुढे होता. नेमका तिथे, जिथे माझे हात लागले होते. एवढं समजल्यावरही मला संशय आला तो ऑइलवर. जाऊन दुसरा डबा आणला.

बुधवारी दुपारी तो डबाही निम्मा झाला आणि बायको खाली उतरली. "आता तुमी बसा वर. मी बघते."

ती चाकापाशी वाकली. निपल बोटानं चाचपलं. मग म्हणाली, "अहो, हवा कुठून काढताय तुमी?"

"त्या निपलातून."

"ते तर खाली हाय."

"मग?"

"आपल्या पाइपलाइनीला एअर व्हॉल्व्ह कुठं बसवलाय?"

आमची विहीर ओढ्याकाठी, रान वर, मधे एक टेकाड. टेकाडावर पाइपात हवा कोंडते म्हणून तो व्हॉल्व्ह मीच बसवला होता. बसवताना जमलेल्या भावकीला अर्धा तास व्याख्यानही दिलं होतं.

"टेकाडावर," मी म्हणालो.

"का वो?"

मी पान्हा उचलला. निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला यायला हवं होतं. अदलाबदलीत ते खाली गेलं होतं, आणि हवा वरच्या कोपऱ्यात तीन दिवस निवांत बसून होती.

ऊन उतरायच्या आत कॅलिपर आपापल्या जागी गेले. पुन्हा दाब, पुन्हा सोड. या वेळी निपलातून बुडबुडे असे फसफसले, की मी बायकोला हाक मारून दाखवले. तिनं पाहिले, उरलेली हवा निघेपर्यंत पेडल दाबलं, आणि दळण घेऊन गेली. पेडल निम्म्यावर येऊन दगडासारखं थांबलं. उतारावर तीनदा रिकामी गाडी नेली, मग मातीच्या गोण्या भरून दोनदा. पाचही वेळा गाडी सरळ थांबली.

गुरुवारी दुपारपर्यंत पोती भरून झाली. बायकांना गावात सोडून मी तसाच नगरच्या मार्केटला जाणार होतो. सगळ्या जणी पोत्यांवर चढून बसल्या. त्यांतली एक म्हातारी मी चड्डीत होतो तेव्हापासून आमच्या रानात कामाला येते. तिनं वरूनच विचारलं, "ब्रेक झालं का रं बाबा नीट? कुनाकडून केलं?"

"कुणाकडून कशाला? मीच केलं," मी छाती काढून म्हणालो.

म्हातारीनं पदर खोचला आणि मागे वळली. "उतरा गं समद्या खाली. वाटाना पुढच्या साली बी येतोय."