जानराव बोटीची चौकशी करतात

रिठदच्या जानरावांकडे कोणी लग्नाचं स्थळ घेऊन आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: त्या गावात पिठाची गिरणी कोणाची आहे? मुलगा करतो काय, शिकला किती, घर पक्कं की कच्चं, हे सगळं नंतर. मुलाचा बाप मुलाबद्दल खरं सांगत नाही, मामा तर मुळीच सांगत नाही, आणि शेजारी काय सांगणार हे त्याचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण आहे की नाही यावर ठरतं. गिरणीवाल्याला यातलं काहीच पडलेलं नसतं. त्याच्यापुढे घरातलं कोणी ना कोणी डबा घेऊन उभं राहतं, आणि जातं फिरत असताना माणसं ओरडून बोलतात. त्यामुळे गिरणीवाल्याला गावातल्या प्रत्येक घराचं आतलं माहीत असतं.

एकदा तर चांगला नोकरीवाला, दिसायला देखणा मुलगा जानरावांनी नाकारला. का, तर तो दळण घरी नेऊन पुन्हा तोलायचा आणि मूठभर पीठ कमी भरलं की भांडायला परत यायचा. जो पिठाचा हिशेब ठेवतो तो बायकोच्या माहेरच्या दिवसांचाही ठेवेल, असं म्हणून जानरावांनी अर्धा चहा तसाच सोडला होता. अर्धा चहा सोडणं हे त्यांच्या मते फार मोठं पाऊल होतं.

चौकशीचा हा नाद उगाच लागलेला नव्हता. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यासोबत पत्रिकाही घराबाहेर गेल्या. मंगळ नाही, गुण जुळवणं नाही, काही नाही. बाकीचे लोक संसार बिघडला की ग्रहांवर ढकलून मोकळे होतात. आपल्याकडे ढकलायला कोणी नाही, तेव्हा चौकशी पक्की पाहिजे, हा जानरावांचा साधा हिशेब. त्यांनी जमवलेली सोयरीक मोडली असं पंचक्रोशीत कोणी म्हणत नाही. निदान त्यांच्या तोंडावर तरी म्हणत नाही.

अशा माणसाच्या घरात समुद्राचा विषय निघाला. मुलगा संघदीप वाशीमला बँकेत लागला होता, आणि आईबापांना एकदा समुद्र दाखवायचा असं त्याच्या मनात होतं. मालवणकडे जाऊ, दोन दिवस राहू, मासे खाऊ, असा साधा बेत. पण त्यानं आईला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक बाई तोंडात नळी धरून समुद्राच्या तळाशी बसली होती आणि तिच्या नाकासमोरून पिवळे मासे चालले होते. भागिरथाबाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, मला हे करायचं आहे.

भागिरथाबाई इंझोरीच्या. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या, आणि पुढे डबा सोडून काठावरून धडाधड उड्या मारणाऱ्या. लग्न होऊन रिठदला आल्या आणि पोहणं संपलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी अमुकच हवं म्हणून कधी काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा "कोनतीबी आना" म्हणायच्या. त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती.

जानरावांना मात्र पाण्याची भीती वाटायची. भरल्या विहिरीत ते वाकूनही बघत नसत. आता तर बायको समुद्राच्या तळाशी जाणार होती. ती गेली आणि वर आलीच नाही तर? हे तोंडानं बोलून दाखवायचं म्हणजे भलतंच. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला "जेवली का" यापलीकडे काळजीचं काही विचारलं नव्हतं. म्हणून भीती वाटते असं न म्हणता ते म्हणाले, चौकशी करू.

संघदीपनं फोनवर बोटवाल्यांची यादीच काढली. ज्याला पाच तारे तो सगळ्यात चांगला, असं त्यानं समजावून सांगितलं. तारे देतं कोण, असं जानरावांनी विचारलं. येऊन गेलेले पाहुणे देतात म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"पाव्हणा कदी घरचं खरं सांगते काय?" ते म्हणाले. "त्याले दोन घास गोड भेटले का थो तारेच देईन. आपल्याले पोरगा पाह्याचा हाय, जेवन नाई."

मग त्यांनी स्वतः फोन लावायला सुरुवात केली. पहिला बोटवाला फार गोड बोलला, म्हणून बाद. दुसऱ्यानं आमची बोट आत्ताच रंगवून आणली आहे असं कौतुकानं सांगितलं; एवढा रंग लावून काय झाकायचं होतं, म्हणून तोही बाद. तिसऱ्याला त्यांनी विचारलं, की टाकीत हवा कोण भरतो, आणि ज्या दिवशी त्याचं घरी भांडण होतं त्या दिवशी कोण भरतो. तो हसला. हसला म्हणून बाद. चौथ्याला त्यांनी अगदी सरळ प्रश्न केला: आजपर्यंत तुमच्याकडून किती माणसं खाली गेली आणि किती वर आली? दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा. त्या माणसानं फोनच ठेवून दिला. जानराव संघदीपकडे बघून म्हणाले, बघ, आकडे जुळत नसतील.

दिवाळी गेली, थंडी सरत आली. संघदीपची सुटी दोनदा पुढे ढकलली गेली. भागिरथाबाईंनी पुन्हा तो व्हिडिओ मागितला नाही, आणि हे जानरावांना टोचलं. तेव्हा त्यांना राजू गुरुजी आठवले.

कोकणातल्या कुठल्याही गावात जा, शाळेत आपल्या वऱ्हाडातला एक तरी मास्तर सापडतोच. राजू गुरुजी भागिरथाबाईंच्या माहेरचे, इंझोरीचे; मालवणजवळच्या एका लहानशा किनारी गावात शिकवायचे. संघदीपच्या यादीत त्याच गावचा एक बोटवाला होता, म्हणून जानरावांनी त्यांना कामाला लावलं. तुमच्या गावात अनुप नावाचा कोणी बोट चालवतो आणि लोकांना पाण्याखाली नेतो म्हणतात. त्याची चौकशी करा. आधी गिरणीवर, मग न्हाव्याकडे, मग त्याच्या आईशी जिचं पटत नाही अशी एखादी बाई गाठून तिच्याकडे. दारू पितो का? राग येतो का? आईशी कसा वागतो? सकाळी किती वाजता उठतो? घोरतो का? दिलेला शब्द पाळतो का? आणि एक नियम: चौकशी कशासाठी आहे हे कोणालाही सांगायचं नाही. कारण कळलं की लोक खरं बोलत नाहीत.

गुरुजी सरळ माणूस. सांगितलं तसं अक्षर न अक्षर त्यांनी केलं. निकाल उत्तम आला. मुलगा दारूला शिवत नाही, आईचं ऐकतो, पहाटे उठतो, घोरतो पण बेतानं. शेजारच्या भांडखोर बाईनंसुद्धा त्याच्याबद्दल चांगलंच सांगितलं होतं. जानरावांनी आणखी आठवडाभर खोट शोधली. सापडेना, तेव्हा नाइलाजानं ते म्हणाले, पसंत आहे.

संघदीपनं गाडी ठरवली, आणि गुरुजींनी नियम पाळून अनुपच्या घरी फक्त वऱ्हाडातून पाहुणे येताहेत एवढंच कळवलं. दिवसभर आणि रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत तिघं सकाळी त्या गावात पोचले.

अनुपचं घर किनाऱ्यालगतच्या माडांमध्ये होतं. अंगण झाडून सडा टाकलेला. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या आणि त्यांवर धुतलेले टॉवेल. पाहुणे बसतात न बसतात तोच ओलं खोबरं घातलेले पोहे पुढे आले. कुंपणापलीकडे चार-पाच बायका काहीच काम नसल्यासारख्या उभ्या होत्या. पस्तिशीकडे झुकलेला, उन्हानं रापलेला एक तरुण डोक्याला तेल थापून, इस्त्रीचा शर्ट खोचून खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता. राजू गुरुजी माडाच्या आडोशाला उभे राहून आपल्या चपलांकडे पाहत होते.

संघदीपनं बोटवाल्यांचा पाहुणचार फार चांगला म्हणत पोह्यांवर ताव मारला. जानरावांचा मात्र घास हातातच राहिला. असल्या अंगणांत त्यांचा जन्म गेला होता. हे टॉवेल, हे पोहे, टोकावर बसलेला हा मुलगा! पाण्याचा ग्लास ओठाला लागायच्या आत त्यांना सगळं कळून चुकलं. त्यांनी बोटीची चौकशी केली होती आणि गावानं ती वरपरीक्षा समजली होती.

अनुपची आई मोतीबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिनं गाडीत डोकावून पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं, मग तिघांकडे पाहिलं. तिच्या मालवणीत तिनं हळूच विचारलं, "चेडू खंय आसा?" म्हणजे, मुलगी कुठे आहे?

भागिरथाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. चेडू म्हणजे पाण्यात उतरणारं माणूस असेल, असं त्यांनी धरून चाललं. त्या पदर सावरून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मीच हाय."

अनुपला ठसका लागला. कुंपणापलीकडच्या बायकांपैकी एक मटकन खालीच बसली.

पोहे खाऊन गेलेले आणि पुन्हा न उगवलेले पाहुणे घराला काय करून जातात, हे जानरावांइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी बशी खाली ठेवली, हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. लग्नाचा विषय नाही, आमच्याकडे द्यायला मुलगी नाही, चूक माझी आहे, गुरुजींची नाही. गुरुजी माडाआडून हलले नाहीत.

मोतीबाईचा चेहरा पडला. मग ती चिडली, आणि चिडायचा तिला हक्क होता. मुलगा दिवसभर पाण्यात असतो म्हणून कोणी मुलगी देत नव्हतं. वय असं वाढू लागलं की जात विचारायची पद्धत आपोआप मागे पडते. लांबच्या वऱ्हाडातून विचारणा आली म्हणून तिनं आनंदानं अंगण सारवलं होतं. बोटीसाठी कोणी राग येतो का विचारतं? घोरतो का विचारतं? या प्रश्नाला जानरावांना उत्तर देणं भाग होतं.

"बाई," ते म्हणाले, "माही बायको त्याचा हात धरून जिथं जाऊन राह्यली, तिथं मले मांगं जाता येत नाई. म्हनून विचारलं."

भागिरथाबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. मोतीबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, तर मग हे मुलगी देण्यापेक्षा मोठं काम आहे. तिनं मुलाला शर्ट बदलून यायला सांगितलं, आणि आपणही बोटीत येणार असं जाहीर केलं. एवढी चौकशी त्यांनी केली, आता आपली पाळी, असं तिचं म्हणणं.

बोटीतून जाताना जानरावांनी काठ इतका घट्ट धरला होता की संघदीपला त्यांची बोटं एकेक करून सैल करावी लागली. आडोशाला जाऊन अंगाला चिकटणारा काळा पोशाख घालून एक बाई बाहेर आली, तेव्हा परक्या बाईकडे बघू नये म्हणून जानरावांनी अदबीनं मान फिरवली. ती बाई त्यांच्या शेजारी येऊन बसली तेव्हा ते सरकून बसले. मग ती बोलली, आणि त्यांना कळलं की हिच्याशी आपलं लग्न झालेलं आहे.

अनुपनं आधी उथळ पाण्यात नळीतून श्वास घ्यायला शिकवलं. खुणा शिकवल्या. मग पुढे नेलं. भागिरथाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. अनुपचा हात धरून त्या खाली गेल्या आणि वर फक्त बुडबुडे राहिले.

जानराव बुडबुड्यांवरून नजर काढेनात.  अशा वेळी मोतीबाईनं आपली चौकशी सुरू केली. मुलगी तुमच्याकडे नाही, पण वऱ्हाडात तर असतील ना? कशा असतात तुमच्याकडच्या बायका? पाण्याला भितात का? आणि लांबच्या मुलींची कशाला, ही जी खाली गेली आहे तिचंच सांगा.

आयुष्यभर जानरावांनी दुसऱ्यांना विचारलं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तोंड सुरू ठेवलं तर भीती कमी वाटते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि बुडबुड्यांकडे बघत ते बोलू लागले. सासूच्या शेवटच्या आजारपणात हिनं तिला एक दिवस मळक्या कपड्यात ठेवलं नाही. घरात धान्य कमी असलं तरी पाहुण्याला कधी कळू दिलं नाही. मी रागावलो की गप्प बसते, पण चूक माझी असली की दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ घालत नाही. हसते तेव्हा अख्ख्या घराला बरं वाटतं. जमवलेल्या इतक्या सोयरिकींत असं माणूस मला दुसरं सापडलं नाही. आणि माझ्या वेळी तर कोणी चौकशीच केली नव्हती, नशिबानं मिळाली. ती वर आली नाही, तर मी घरी जाऊन करू काय?

बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.  मोतीबाई जानरावांच्या मागे, बोटीच्या दुसऱ्या बाजूला बघत होती. जानरावांनी वळून पाहिलं. पाण्यातून वर आलेल्या दोन हातांनी बोटीचा काठ धरला होता, चष्मा कपाळावर चढवलेला होता, आणि भागिरथाबाई कधीच्या वर येऊन ऐकत होत्या. बुडबुडे शेजारच्या बोटीवरून उतरलेल्या दुसऱ्याच कोणाचे होते.

जानरावांनी डोळे पुसले आणि समुद्राचं पाणी उडालं असं काहीतरी पुटपुटले.

"हे घरी काहून नाई सांगतलं कदी?" भागिरथाबाईंनी विचारलं.

"घरी कोनं विचारलंच नाई," जानराव म्हणाले.

 भागिरथाबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, नळी तोंडाशी नेली आणि मोतीबाईला म्हणाल्या, "तुमी विचारत राहा. मले अजून एकडाव खाली जायचं हाय."