जेनिशाचा चेहरा

कुंभारांच्या तलाको चौकातल्या चिनीमाया प्रजापतीला मातीबद्दल शिकवायला कुणी येईल, असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिचं उभं आयुष्य मातीत गेलेलं. नवरा जगतलाल चाक फिरवायचा आणि ही ओल्या मडक्यांना थापीने आकार द्यायची, उन्हात मांडायची, आवा रचायची. अशा बाईच्या हातात भूकंपानंतर दीड महिन्यांनी एका संस्थेच्या पोरीने प्लास्टिकच्या पिशवीतला मातीचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नका आमा, मऊ असते माती. हाताळलीत की मन हलकं होतं."

चिनीमाया तिच्याकडे बघतच राहिली.

वैशाखातल्या त्या शनिवारी भर दुपारी तिचं घर कोसळलं आणि आत तिची अकरा वर्षांची लेक जेनिशा गेली. नवरा-बायको चौकात मडकी उलटवत होते म्हणून वाचले. त्यासाठी ती स्वतःला शिव्या द्यायची, देवाला द्यायची, शेजाऱ्यांनाही सोडायची नाही. घरं पडलेले आम्ही सगळे ताडपत्रीखाली झोपायचो, पण तिच्या बाजूला अंथरूण घालायला कुणी धजत नव्हतं. असल्या बायकांसाठीच संस्थेने मातीकामाचा तो वर्ग काढला होता. शिकवणारी ती पोरगी म्हणजे मेलिना, काठमांडूची, पंचविशीची. मनाने चांगली होती, हे कबूल करायलाच हवं. पण तिला ऐकण्यापेक्षा कागद भरायची घाई फार.

कागदावर पाच गोल तोंडं छापलेली होती. पहिलं ढसाढसा रडणारं, शेवटचं हसणारं. दर आठवड्याला आपल्याला कसं वाटतंय त्या तोंडावर फुली मारायची. पहिल्याच दिवशी चिनीमायाने विचारलं, यात रागावलेलं कुठंय? राग वरवरचा असतो, खाली दुःखच असतं, असं मेलिनाने समजावलं. कुठल्या पुस्तकात वाचलं होतं कोण जाणे. तेव्हापासून चिनीमाया हसऱ्या तोंडावर फुली मारायची आणि लवकर सुटका करून घ्यायची. संस्थेच्या लेखी ती झपाट्याने बरी होत होती.

पण माती ती मातीच. चौथ्या की पाचव्या आठवड्यात ती नुसतीच गोळा दाबत बसली होती, आणि बोटांखाली जेनिशाचं नाक आलं. मग कपाळ. मग पुढचे दोन दात, एकावर एक चढलेले. शेजारी बसलेली बाई "अगं, ही तर जेनिशा" म्हणाली, तेव्हा चिनीमाया भूकंपानंतर पहिल्यांदा रडली. घरातले सगळे फोटो ढिगाऱ्यात गेले होते, शाळेच्या कपाटातलाही गेला होता. पोरीचा एवढा एकच चेहरा उरला होता. सुकवून आणते म्हणून मेलिनाने तो नेला.

परत मागितला की आज देते, उद्या देते. शेवटी कळलं की तो संस्थेच्या प्रदर्शनात मांडलाय आणि तिथून परदेशी जाणार आहे. चिनीमाया तडक संस्थेच्या कचेरीत गेली. सापारूचा सण आठ दिवसांवर आलाय, मला माझ्या पोरीला मिरवायचंय, असं तिने सांगितलं. वर्षभरात ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने बांबूला कपडे नेसवायचे, वर त्या माणसाचा चेहरा लावायचा आणि गावभर नाचत न्यायचा, नाहीतर गेलेलं माणूस वाटेतच अडकतं, हे काठमांडूच्या पोरीला वेगळं सांगायला नको होतं. मेलिना म्हणाली, "दुसरा करा ना, आमा. तुम्हाला तर येतं."

तिने केला नव्हता असं नाही. सात वेळा बसली होती. सातही वेळा भलत्याच कुणाचा तरी चेहरा झाला.

सापारूच्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बांबूमागून बांबू येत होते, इतके की बघवत नव्हतं. प्रत्येकावर फोटो होता. जगतलालच्या खांद्यावर लहानसा बांबू, त्याला लाल फ्रॉक घातलेला आणि वर काहीच नाही. पुढे आमची माणसं दोन रांगांत काठीवर काठी मारत नाचत होती. मागून चिनीमाया दात आवळून चालत होती. मिरवणूक प्रदर्शनाच्या दाराशी आली तेव्हा ती म्हणाली, "थांबा इथं."

आणि ती आत शिरली. काठ्यांसकट चारपाच जण तिच्यामागे गेले.

चेहरा काचेच्या पेटीत होता. खाली चिठ्ठी होती, 'आशा. एक भूकंपग्रस्त महिला'. ना आईचं नाव, ना लेकीचं. पाहुण्यांना वाटलं, काठ्यांचा नाच कार्यक्रमातलाच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाईल वर केले. चिनीमायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही आशा नाही," ती म्हणाली. "हिचं नाव जेनिशा. पाचवीत होती. उघडा ही पेटी."

मेलिना घाईघाईने पुढे आली, पाहुण्यांसमोर नको म्हणाली. पण राखणदार हरिलाल पलीकडच्याच गल्लीतला, आणि बाहेरच्या एका बांबूवर त्याच्या आईचा फोटो होता. त्याने मेलिनाकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली.

चिनीमायाने चेहरा पदरात घेतला. दारात मेलिनाने तिला गाठलं. पोरीचे डोळे भरले होते. "आमा, तुम्ही तर बऱ्या होत होता."

"नव्हते होत. रागावलेली होते. पहिल्या दिवसापासून रोज रागावलेली होते, तुझ्या कागदावर ते तोंडच नव्हतं."

बाहेर जगतलालने बांबू आडवा केला. तिने शालीची किनार फाडून चेहरा घट्ट बांधला, दातांवर आलेली चिंधी सरकवली आणि बांबू उभा करायला सांगितला. मग रांगेतल्या एकाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि त्याच्या जागी उभी राहिली. पहिल्याच ठोक्याला समोरच्याची काठी मोडली. त्याने मागून दुसरी काठी घेतली आणि तिच्यासमोर धरली.