टोपीशिवाय बॅट नाही

माणूस म्हातारं झालं की लोक किस्से मागतात. जानेफळच्या पोरांच्या क्रिकेटचे माझ्याजवळ ढीगभर साचलेत. ऐकणारे पोट धरून हसतात. मी हल्ली थोडं कमी हसते.

*

महाराष्ट्र नवा होता तेव्हा. लेदरच्या बॉलनं एका पोराचं कपाळ फुटलं. मी गावात कपडे शिवायची. रद्दीच्या पेपरवर आपली आपण वाचायला शिकलेली. जुन्या गोधड्या फाडून कापसाच्या जाड टोप्या शिवल्या अन् नियम केला, टोपीशिवाय बॅट नाही. अंपायरही मीच झाले.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्हाला एलबीडब्ल्यू कळतं?"

म्हटलं, "तुमाले शिलाई कळते? तरी खोट काढताच ना."

*

गावच्या भटगुरुजींच्या नातवाची मुंज झाली. टोपीत शेंडी दुमडते म्हणून तो रडायला लागला. मी पिशवीतून कात्री काढली, टोपीला मागून भोक पाडलं. शेंडी बाहेर!

पोरं म्हणाली, "मावशी, याले तर रेडिओचा एरिअल लावला."

*

मग गुरमीत आला. रस्त्याच्या कामावरच्या सरदार मेकॅनिकचा पोरगा. केसांचा बुचडा, त्यावर निळा पटका. टोपी बसेना.

"काढ ते फडकं."

"मावशी, हे नाही निघत."

"मंग बस बाहेर. नियम सगळ्याईले सारखा."

तो कडुलिंबाखाली बसून स्कोअर लिहू लागला. कात्री त्या दिवशीही पिशवीतच होती.

*

हिवऱ्याच्या पोरांशी मॅच चार रनांनी हरलो. शाळेच्या भिंतीसमोर गुरमीत एकटाच खेळायचा, तसा फटका आमच्यात कोणाचाच नव्हता.

"मावशी, गुरमीत असता तर?" पोरांनी विचारलं.

"नियम म्हणजे नियम," मी त्याच्यासमोरच म्हटलं. तो पेन्सिलीला टोक करत राहिला.

*

एकदा बॉल माझ्याच कानाला चाटून गेला. पोरं चेकाळली, "मावशी, आता तुमीबी टोपी घाला. डोक्यावरला पदर काढा."

"चारचौघात पदर उतरत नसते बे," मी खेकसले. गुरमीतनं वहीतून मान वर केली.

पुढच्या रविवारी तो एक टोपी घेऊन आला. माझीच शिलाई. पण दोन्ही बाजू उसवून मध्ये निळ्या कापडाच्या पट्ट्या जोडलेल्या, टाके वेडेवाकडे.

"मावशी, पदर नका काढू. वरून बसते. मी घालून पाह्यली."

मी घातली. पदरावरून अगदी बरोबर बसली.

तो मागे वळला, कडुलिंबाखाली गेला अन् वही उघडून बसला.