दोन खुर्च्या आणि सात-तीन-सात

व्याही गेले. आता उघड लिहितो: ते आमच्या घरी विमाने पाहायला येत, यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. परंतु भुसार मालाच्या दुकानात उभे आयुष्य गेले. समोरचा माणूस काय घ्यायला आला आहे, हे मला पायरीवरच कळते.

गंगाधरराव, माझ्या सुनेचे वडील, निवृत्त हेडक्लार्क. राहायला पडेगावला. आमचे घर मुकुंदवाडीत, विमानतळाच्या बाजूला.

सबंध शहर ओलांडून स्कूटरवर येत. म्हणत, "तुमच्या टेरेसवरून लँडिंग छान दिसतं."

पडेगावला आकाश नाही काय?

लग्नानंतर बरीच वर्षे त्यांनी आमच्याकडे पाणीही घेतले नाही. मुलीच्या घरचे घेऊ नये, ही जुनी रीत. नात झाल्यावर चहा घेऊ लागले.

असा रीतीचा माणूस दर रविवारी मुलीच्या सासरी येतो, आणि कारण सांगतो विमान.

मी दोन खुर्च्या मांडत असे आणि प्रश्न विचारत असे.

"हे कोणतं?"
"ए-तीनशेवीस."
"तीनशेवीस माणसं बसतात?"
"नाय हो. निम्मीच धरा."

मी म्हणालो, पोत्यावर शंभर किलो छापून आत पन्नास भरले असते, तर गिऱ्हाइकाने मला दुकानासकट उचलले असते.

त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, की त्या कंपनीचे पहिले विमान तीनशे माणसांसाठी आखले होते, म्हणून त्याचा आकडा तीनशे. पुढची मॉडेल्स आली तसे आकडे दहा-दहाने वाढले. माणसांशी संबंध उरला नाही.

दोन पंख्यांचे छोटे विमान आले, त्याचा आकडा बहात्तर. तिथे मात्र आसने साधारण तितकीच.

म्हणजे एक खरे बोलतो, दुसरा नाही. माझा संशय वाढला.

मग अमेरिकेचे सात-तीन-सात. दोन्हीकडचे सात ठरलेले, मधला आकडा नव्या मॉडेलचा. त्यापुढे आठशे म्हणजे त्याच मॉडेलचा पोटप्रकार.

हे सर्व ते पाठ करून आल्यासारखे बोलत. आवड असलेला माणूस अडखळतो, मधेच हसतो. हे तसे नव्हते.

एकदा सून चहा घेऊन वर आली. विमान अगदी डोक्यावरून गेले. यांनी मान वर केली नाही. तिच्या हातांकडे पाहत होते. बांगड्या, बोटे, भाजल्याचा एखादा डाग.

मी ते टिपले.

मग तो रविवार.

ते म्हणाले, "त्या आठशेतली मागची दोन शून्यं कागदावर नसतात, व्याही. तिथं पहिल्या गिऱ्हाइकाची खूण असते. विमान पुढं दुसऱ्याला विकलं, रंग बदलला, नाव बदललं, तरी ती खूण जात नाय."

आमच्या घरात सुनेचे नाव बदलले आहे. तांदळात अंगठीने 'राधिका' लिहिले, ते मीच ठरवले होते. माहेरचे नाव मनीषा.

हा टोमणा होता. माझे ते मत आजही कायम आहे.

मी विचारले, "नव्या विमानांना पण देतात का खूण?"
"नाय. आता बंद केली."
"मग कंपनीला शहाणपण आलं म्हणायचं."

ते हसले. चहा अर्धा ठेवून उठले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

आज त्यांची दशक्रिया झाली. पडेगावच्या घरी सर्व पांगल्यावर मी सुनेला विचारले, की तुझ्या वडिलांना विमानांचे वेड केव्हापासून?

ती म्हणाली, "दादांना कशाचं वेड, मामा. एसटीचा बोर्डसुद्धा ते मान वर करून बघायचे नाहीत, आई वाचायची. माझं लग्न झाल्यावर सुरू केलं. तुम्ही आकड्यावरून वाद घालता, हे त्यांना कळलं होतं. मग शनिवारी मोबाईलवर वाचून ठेवायचे."

"म्हणजे ते तुला बघायला येत होते."

"व्हय. तुम्हाला माहीत होतं की. तरी खुर्च्या दोनच मांडायचात, तिसरी कधी नाही."



माझा संशय खरा ठरला, हे येथे नमूद करतो.

संध्याकाळी घरी परतून टेरेसवर गेलो. सवयीने दोन खुर्च्या मांडल्या. विमान उतरत होते. सात-तीन-सात, आठशे. पहिल्या गिऱ्हाइकाची खूण खालून दिसत नाही.

जिन्यातून हाक मारली, "मनीषा, वर ये."

खाली भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने ती आली. दुसऱ्या खुर्चीवर बसली.

गंगाधरराव, आपली मुलगी बरी आहे. आपण खात्री करून घेतलीच होती.

आपणांस माझा अखेरचा नमस्कार.