रिकाम्या बाकांची हजेरी

तलवाड्याच्या आमच्या शाळेत चिनी शिकवायला एक बाई तैवानहून पडद्यावर यायच्या. मी वर्गशिक्षक, लॅपटॉप लावून देणं माझ्याकडं होतं. हजेरी घेताना प्रत्येक नावाला त्या किंचित मान झुकवायच्या.

दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. मी म्हणालो, "बाई, ती नावं सोडा आता."

ऐकलं नाही. रिकाम्या बाकापुढंही नाव घेऊन मान झुकवायच्या आणि पोरांकडूनच शिकलेल्या मराठीत स्वतःच उत्तर द्यायच्या, "गेलीय. येती की."

मला हा खुळेपणा वाटायचा. वीस वर्षं मी अशा नावांपुढं लाल शाईनं गैरहजेरीच लिहीत आलोय.

उन्हाळा लागल्यावर एका सकाळी दिवाळीपासून रिकाम्या असलेल्या मागच्या बाकावरून आवाज आला, "आले, बाई!"

बाईंनी मान झुकवली, ती लवकर वर केलीच नाही.